दारे कोणी धरायची? तिघऱ्याच्या दरवाजांपासून शेतातल्या सेन्सरपर्यंत

थाटीपुरातल्या नळाला येणारे पाणी तिघऱ्याचे. सांक नदी अडवून केलेले हे धरण ग्वाल्हेरपासून साधारण २३ किलोमीटरवर आहे. पावसाळा लागला की इथल्या वर्तमानपत्रांत एक आकडा रोज छापून येतो: आज ७३२ फूट, आज ७३६, आज ७३८. ७४० झाले की तलाव भरला. मुरारपासून लष्करपर्यंत हा आकडा लोकांना पाठ असतो.

धरणाचे पाणी एका ठरावीक रेषेवर थांबवायचे आणि ती ओलांडली की जादा पाणी आपोआप सोडून द्यायचे, ही कल्पना तिघऱ्याला आली ती पुणे जिल्ह्यातून. तिथल्या पाणीवाटपाचा धागा आणखी मागे, खानदेशातल्या पांझरा नदीपर्यंत नेता येतो. सध्या जिकडेतिकडे सेन्सर, ऑटोमेशन आणि 'स्मार्ट सिंचन' यांची चर्चा आहे. आपल्या शहरातही २००८ पासून राजमाता विजयाराजे सिंधिया यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ आहे, तिथेही हे विषय शिकवले जातात. ऐकणाऱ्याला वाटते, पाणी स्वतःच मोजणारे आणि सोडणारे यंत्र काल-परवाच जन्माला आले. तसे नाही. त्याला शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या ग्वाल्हेरचे पान ठळक आहे.

'दारे धरणे' म्हणजे काय

मराठीत शेताला पाणी देण्याला 'दारे धरणे' म्हणतात. पाटाचे पाणी एका वाफ्यात सोडायचे, तो भरत आला की फावड्याने मातीचे दार मोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचे, मागचे दार बंद करायचे. इकडे आमच्याकडे याला 'पानी लगाना' म्हणतात. शब्द वेगळे, काम तेच, आणि थंडीतली रात्रही तीच. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेर-भिंडकडे गव्हाला रात्री पाणी देणाऱ्या माणसाची अवस्था ज्याने पाहिली आहे, त्याला ऑटोमेशन ही चैन वाटणार नाही.

दारे धरणारा माणूस तीन कामे करतो. पहिले, तो बघतो: पाणी कुठवर पोचले, माती किती भिजली. दुसरे, तो ठरवतो: आता पुरे. तिसरे, त्याचा हात चालतो: दार मोडतो, दार बांधतो. आम्ही इंजिनिअर लोक याच तीन गोष्टींना सेन्सर, कंट्रोलर आणि ॲक्चुएटर म्हणतो. नावे इंग्रजी असली तरी काम फावडेवाल्याचेच.

या तिघांच्या आधी आणखी एक गोष्ट असते. पाण्याची पाळी कोणाची, हे कोणीतरी ठरवलेले असते. ते दारे धरणारा ठरवत नाही. किती पाणी, केव्हा, आणि कोणाला, या तीन प्रश्नांपैकी तिसरा पुढे पुन्हा पुन्हा समोर येईल.

खानदेशचे फड

धुळे-साक्रीच्या बाजूला पांझरा आणि तिच्या शेजारच्या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन किंवा चार मोठे भाग. हे भाग म्हणजे फड. एका फडात एका वर्षी एकच पीक, मग तो ऊस असो की गहू, की भात. पुढच्या वर्षी पिके फिरतात. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असते. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवतात, म्हणजे तूट सगळ्यांच्या वाट्याला येते. पाटावर लक्ष ठेवायला जागल्या, पाणी द्यायला पाटकरी. त्यांचा मोबदला गावाकडून, पुष्कळदा धान्याच्या रूपात.

इंजिनिअरच्या नजरेने बघितले तर यातली खुबी वेगळीच दिसते. सबंध फडात एकच पीक असल्यामुळे सगळ्या वाफ्यांना एकाच वेळी, जवळपास सारखेच पाणी लागते. प्रत्येक शेताची ओल वेगळी मोजण्याची गरजच उरत नाही. चार पाटकरी शेकडो वाफे सांभाळू शकतात. मोजमापाचा खर्च त्यांनी आपसातल्या कराराने वाचवला होता. शिवाय 'कोणाला' हा प्रश्न पाणी सोडण्याआधीच सुटलेला असे.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ मध्ये अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने पास झाले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांची नेमणूक खानदेशात होती. पांझरेच्या खोऱ्यात त्यांनी पाण्याची कामे केली. तेव्हा फडाचा प्रदेश त्यांनी तरुणपणीच पाहिला होता.

पुढे नीरा डाव्या कालव्यावर त्यांनी 'ब्लॉक' पद्धत आणली. त्याआधी कालव्याच्या तोंडाशी असलेले लोक उसाला भरमसाट पाणी घेत. जमीन चिबड होई, आणि शेपटाकडच्यांना पाणी पोचत नसे. ब्लॉक पद्धतीत जमिनीचे गट पाडून गटाच्या एका भागातच ऊस, बाकीच्या भागात हंगामी पिके, आणि गटाला काही वर्षांसाठी पाण्याची हमी अशी रचना होती. फडाशी तिचे साम्य उघड आहे. फरक एवढाच की फडात ठरवणारे गाव होते, ब्लॉकमध्ये ठरवणारे सरकार.

खडकवासला, तिघरा, कृष्णराजसागर

आता दरवाजांकडे येऊ. पुण्याजवळचे खडकवासल्याचे धरण १८७० च्या दशकातले. सांडव्यावरून दर पावसाळ्यात पाणी वाहून जाई. धरणाची भिंत उंच न करता जास्त पाणी साठवायचे कसे? सांडव्यावर दरवाजे बसवले तर पाणी वर अडते खरे. पण मध्यरात्री पूर आला आणि दरवाजे उघडायला माणूस वेळेत पोचला नाही तर धरणच जायचे. त्या काळात टेलिफोनचा भरवसा नव्हता आणि सांडव्यावर वीज नव्हती.

यावर उपाय म्हणून त्या पिढीतल्या इंजिनिअरांनी पाण्यालाच पहारेकरी केले. भाटघर धरणावर रेनॉल्ड यांच्या रचनेचे आपोआप चालणारे दरवाजे आधीच बसले होते. तत्त्व साधे आहे. दरवाजा साखळीने एका जड वजनाला जोडलेला असतो आणि दोघांचा तोल साधलेला असतो. ते वजन एका हौदात लटकते. धरणातले पाणी ठरलेल्या रेषेला पोचले की ते हौदात शिरते. पाण्यात बुडालेली वस्तू हलकी होते, हे आपण विहिरीतून घागर ओढताना रोज अनुभवायचो. वजन हलके झाले की तोल बिघडतो आणि दरवाजा उघडतो. पूर ओसरला की हौद रिकामा होतो, वजन पुन्हा जड होते, दरवाजा बंद. माणूस नाही, इंजिन नाही, तार नाही.

विश्वेश्वरय्यांनी आपली स्वतःची रचना करून तिचे पेटंट घेतले, आणि १९०३ मध्ये त्यांचे स्वयंचलित दरवाजे खडकवासल्याच्या सांडव्यावर बसले. तिथे ते यशस्वी ठरल्यावर हीच पद्धत आपल्या तिघऱ्याला आणि पुढे म्हैसूर संस्थानातल्या कृष्णराजसागर धरणाला वापरली गेली. ग्वाल्हेरच्या इतिहासप्रेमींना जयविलास, ग्वाल्हेर लाइट रेल्वे आणि किल्ला यांबद्दल भरभरून बोलता येते. पण भारतातल्या स्वयंचलित पाणीनियंत्रणाच्या पहिल्या मोजक्या ठिकाणांत आपले धरण आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

बघा, या यंत्रात सेन्सर, कंट्रोलर आणि ॲक्चुएटर हे तिन्ही आहेत. बघणारे पाणी, ठरवणारी रेषा, दार उघडणारे पुन्हा पाणीच. आणि आमच्या धंद्यात ज्याला 'सेट पॉइंट' म्हणतात, तो कुठल्या स्क्रीनवर नसून बांधकामातच पक्का बसवलेला.

ऑगस्ट १९१७

तिघऱ्याची कथा एवढ्यावर संपत नाही. छप्पन सालच्या, म्हणजे संवत १९५६ च्या (इ. स. १८९९-१९००) दुष्काळाने मध्य भारत आणि राजपुताना होरपळून निघाला होता. त्यानंतरच्या काळात माधवराव महाराज शिंदे यांच्या कारकीर्दीत संस्थानात तलाव-बंधाऱ्यांची मोठी कामे निघाली. तिघरा त्यांतलेच. दगड-चुन्याची भिंत, उंची २४ मीटर, लांबी १,३४१ मीटर.

हे धरण पुरे होते ना होते तोच, ऑगस्ट १९१७ मध्ये फुटले. सुमारे ४०० मीटर लांबीवर भिंतीच्या माथ्यावरून ०.८५ मीटर उंचीचे पाणी वाहिले, आणि भिंतीचे दोन मोठे भाग अखंडच्या अखंड पुढे ढकलले गेले. पायाखालचा खडक वालुकाश्माचा, ग्वाल्हेरच्या घराघरांत वापरलेला तोच. त्यात पाणी मुरत गेले की ते भिंतीला खालून वर उचलू पाहते. वरून लोट, खालून उचल, आणि भिंत घसरली. खालच्या गावांची फार मोठी हानी झाली. धरणाची पुनर्बांधणी पुरी झाली ती १९२९ मध्ये. त्याआधीच, १९२५ मध्ये, माधवराव महाराज पॅरिसला वारले होते.

खडकवासल्याचेही पुढे तसेच झाले. १२ जुलै १९६१ ला वरचे पानशेत धरण फुटले, त्याचा लोंढा खडकवासल्यावर आला आणि ती जुनी भिंतही गेली. पुण्याच्या नदीकाठच्या पेठांनी त्या दिवशी जे पाहिले ते अजून सांगितले जाते. म्हणजे विश्वेश्वरय्यांच्या दरवाजांच्या तीन नामांकित धरणांपैकी दोन फुटली. कृष्णराजसागर तेवढे उभे राहिले.

याचा दोष दरवाजांच्या कल्पनेवर टाकायचा नाही. दरवाजाला एकच गोष्ट कळते: समोरचे पाणी रेषेच्या वर की खाली. पायाखालच्या खडकात काय मुरते आहे, वरच्या खोऱ्यात दुसरे धरण ढासळते आहे का, हे त्याला विचारलेलेच नसते. यंत्राला जेवढे विचारले तेवढेच ते सांगते. स्वयंचलित यंत्राने माणसाचा एक पहारा वाचतो, पण बाकीचे पहारे चालूच ठेवावे लागतात. आजच्या सेन्सरवाल्या शेतीलाही हे तंतोतंत लागू पडते.

मातीला विचारणारी नळी

धरणावरून शेतात येऊ. जमिनीतली ओल मोजणारे सर्वांत साधे उपकरण टेन्शिओमीटर. पाण्याने भरलेली बंद नळी, तळाशी सच्छिद्र चिनी मातीची वाटी, वर काटा. माती सुकली की ती वाटीतून पाणी ओढून घेते आणि काटा सरकतो. गंमत अशी की, हे उपकरण मातीत पाणी किती आहे ते सांगत नाही. मुळाला पाणी ओढायला किती जोर लावावा लागतो ते सांगते. पिकाला तेच हवे असते. यालाही वीज लागत नाही. सांडव्यावरच्या दरवाजाचे हे लहान भावंडच म्हणा. हल्लीचे इलेक्ट्रॉनिक सेन्सर मातीचे विद्युत गुणधर्म मोजून ओल काढतात आणि आकडा मोबाईलवर पाठवतात, एवढाच पुढचा टप्पा.

मराठी मुलुखात या टप्प्याची एक अस्सल देशी पायरी आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचे साधन केले. शेतकऱ्याने घरून मोबाईल लावायचा, वीज आली आहे की नाही ते कळते, आणि पंप चालू किंवा बंद करता येतो. रात्री-अपरात्री पंप लावायला दूर चालत जाणाऱ्या आपल्या आजोबांचे हाल पाहून ही कल्पना सुचली, असे ते सांगतात. दारे धरणाऱ्याचा निदान एक हेलपाटा यामुळे वाचला.

आणि आता नीरा डाव्या कालव्याकडे परत बघा. ज्या बारामती भागात विश्वेश्वरय्यांनी उसाला ब्लॉकमध्ये बसवायचा प्रयत्न केला, त्याच बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला आहे. मातीत सेन्सर, शेतात हवामान केंद्र, वरून उपग्रहाची चित्रे, आणि शेतकऱ्याच्या फोनवर पाणी-खताचा सल्ला. पीक तेच, कालवा तोच. मधे शंभराहून जास्त वर्षे गेली, आणि उसाला पाणी किती हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्या मध्य प्रदेशातही राजगढ जिल्ह्यातल्या मोहनपुरा प्रकल्पात उघड्या कालव्यांऐवजी दाबाच्या नळांतून शेतापर्यंत पाणी नेले आहे. दाब आणि प्रवाह नियंत्रणकक्षात बसून बघता येतो. या धरणाचे लोकार्पण जून २०१८ मध्ये झाले.

हिशेब, आणि हिशेबाबाहेरचे

थोडे गणित करू. एक हेक्टर शेतावर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे १०० घनमीटर, अर्थात एक लाख लिटर. गव्हाला एका पाळीला सहा सेंटीमीटर दिले तर सहा लाख लिटर. सेन्सरमुळे त्यातले एकच सेंटीमीटर वाचले, तरी हेक्टरी एक लाख लिटर वाचतात. शहरी पाणीपुरवठ्याचा नेहमीचा निकष माणशी दिवसाला १३५ लिटर. म्हणजे हे एका दिवसाचे सुमारे ७४० माणसांचे पाणी. आकडा तिघऱ्याच्या फुटांशी जुळला हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.

मात्र वाचलेले पाणी जाते कुठे? सेन्सर लावलेल्या शेतकऱ्याने वाचवलेल्या पाण्यावर आणखी अर्धा एकर ऊस किंवा भात लावला, तर त्याचे उत्पन्न वाढेल आणि त्याबद्दल त्याला बोल लावता येणार नाही. पण कालव्याच्या शेपटाला किंवा शहराच्या नळाला एक थेंबही जास्त मिळणार नाही. 'किती' आणि 'केव्हा' यांची उत्तरे सेन्सरने चोख दिली, पण 'कोणाला' हा प्रश्न होता तिथेच राहिला.

ग्वाल्हेरपुरता हा प्रश्न हवेतला नाही. पाऊस दगा देतो त्या वर्षी तिघऱ्याच्या पोटात शहरापुरते पाणी राहत नाही. मग ककेटो आणि पेहसारी या धरणांतून पाणी तिघऱ्यात आणतात. ही धरणे पार्वतीच्या खोऱ्यातली. तेच पाणी खाली हरसीकडे गेले असते, आणि १९३५ मध्ये बांधलेल्या हरसीवर भितरवार-डबऱ्याकडची गहू-भाताची शेती उभी आहे. थाटीपुरात आपण नळ सोडतो तेव्हा त्यात कुठल्या तरी शेताची एक पाळी असू शकते. ती पाळी कोणी सोडली, कोणाला विचारून सोडली, बदल्यात त्याला काय मिळाले, हे सांगणारा सेन्सर बाजारात मिळत नाही.

फडाने याचे उत्तर आधी दिले होते: तूट आली तर सगळ्यांनी मिळून सोसायची, एक फड सगळ्यांचाच पडीक. ब्लॉकने सरकारी कागदावर दिले. आज हरसीच्या शेपटापासून थाटीपुरापर्यंत मोजमापाची साधने बसवणे सहज शक्य आहे. कुठे किती पाणी गेले हे गावाला आणि शहराला एकाच फलकावर दिसू लागले, तर निदान भांडण खऱ्या आकड्यांवर होईल. माझ्या मते सेन्सरचा सर्वांत मोठा उपयोग हा आहे. पिकाची ओल मोजण्याइतकेच वाटणीचे मोजमाप महत्त्वाचे. आकडे समोर आल्यावर वाटणी करायची ती माणसांनीच, फडातल्यासारखी, एकमेकांच्या तोंडाकडे बघून.

जाता जाता आपल्या मंडळाच्या कामाविषयी. ग्वाल्हेरच्या कितीतरी मराठी घरांतले आजे-पणजे संस्थानच्या बांधकाम आणि नहर खात्यांत ओव्हरसियर, नक्शानवीस, कारकून होते. तिघरा १९१७ ला फुटले आणि १९२९ ला पुन्हा उभे राहिले, या मधल्या बारा वर्षांतले नकाशे, फोटो, पगाराची पुस्तके, एखादी रोजनिशी अजून माळ्यावरच्या ट्रंकेत पडलेली असण्याचा संभव आहे. रद्दीवाल्याकडे जाण्याआधी ते कागद एकदा मंडळाला दाखवा. मूळ कागद तुमच्याकडेच राहतील, आम्ही फक्त प्रती काढून घेऊ. आणि जुने दरवाजे हाताळलेला, त्यांच्या साखळ्यांना ग्रीस लावलेला कोणी म्हातारा माणूस तुमच्या ओळखीत असेल, तर त्याची गाठ मात्र या पावसाळ्याच्या आत घालून द्या.